श्वानाचे वाहनारोहण

सातारच्या शाहू छत्रपतींनी आपल्या कुत्र्यास जहागीर दिली, तिच्या सनदा रीतसर करवून घेतल्या आणि त्यास पालखीचा मान बहाल केला, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात राजाच्या लहरीचे उदाहरण म्हणून सांगितली आहे. वाघाच्या शिकारीत त्या कुत्र्याने धन्याचे प्राण वाचवले होते, हेही तोच नमूद करतो. तेव्हा याला लहर म्हणावे की कृतज्ञता, हे ज्याचे त्याने ठरवावे. लोकस्मृतीत त्याचे नाव खंड्या असून माहुलीच्या संगमावर त्याची समाधी दाखवतात. पालखीचा सरंजाम राखला जात असे, एवढे डफ सांगतो. परंतु भोयांच्या खांद्यांवर हेलकावणाऱ्या त्या आसनात तो प्राणी स्वस्थ बसत असे की उडी टाकू पाहत असे, याविषयी तो अवाक्षर काढत नाही.

असा मान विरळाच. एरवी वाहन आणि कुत्रा यांचा संबंध शतकानुशतके वाहनामागे धावण्याचाच होता. आपल्याकडे बैलगाडीच्या सावलीतून चालणारे कुत्रे कोणी पाहिले नाही? इंग्लंडात ठिपक्याठिपक्यांचा डाल्मेशियन श्रीमंतांच्या घोडागाडीबरोबर धावे, व टॉमस ब्यूइक या खोदचित्रकाराने १७९० सालच्या आपल्या चतुष्पादांच्या ग्रंथात त्याला गाडीचा कुत्रा म्हणूनच स्थान दिले आहे. ज्याचे पाय भूमीवर आहेत त्याला वाहनाचे भय वाटण्याचे कारण नव्हते.

मोटारीने ही व्यवस्था मोडली, कारण तिच्याबरोबर धावणे कोणत्याही चतुष्पादास फार वेळ शक्य नव्हते. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन या व्हरमाँटच्या डॉक्टराने ५० डॉलरांच्या पैजेखातर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटारीने जाण्याचा संकल्प सोडला, क्रॉकर नावाचा यंत्रज्ञ सोबत घेतला आणि वाटेत आयडाहोत १५ डॉलरांना बड नावाचा एक बुलडॉग विकत घेतला. २३ मे रोजी निघालेली ही स्वारी २६ जुलै रोजी न्यूयॉर्कला पोहोचली. वीस अश्वशक्तीच्या त्या विंटन गाडीला छप्पर नव्हते व समोर काचही नव्हती; खारट मातीच्या धुळीने बडचे डोळे सुजू लागले तेव्हा त्याला माणसांसारखा धूळचष्मा चढवण्यात आला, आणि तो चष्मा आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. मला मात्र चष्म्यापेक्षा जॅक्सनचे एक निरीक्षण मोलाचे वाटते: बड लवकरच पुढच्या रस्त्यावर नजर ठेवून येणाऱ्या धक्क्यासाठी अंग आवळून सज्ज राहू लागला.

या निरीक्षणात पुष्कळ शरीरशास्त्र सामावलेले आहे. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका गतीची वर्दी देतात आणि डोळ्यांना मात्र स्थिर आसन दिसते, या विसंवादातून मळमळ उद्भवते. रस्ता दिसणाऱ्या बडला तो विसंवाद बराच कमी सोसावा लागला असावा. पुढे १९२० नंतरच्या दशकात बंद मोटारींचा प्रसार झाला, रस्ता कुत्र्याच्या नजरेआड गेला आणि पेट्रोलचा वास आत कोंडला. आजच्या घरोघरच्या भित्र्या कुत्र्यांचा पूर्वेतिहास माझ्या मते येथे सुरू होतो.

हे भय घालवण्याची विद्या आली ती प्रयोगशाळांतून, आणि त्यांपैकी एकीत तर भय आधी मुद्दाम निर्माण केले जात होते. सेंट पीटर्सबर्गच्या पाव्हलोव्हने कुत्र्यांच्या लाळेवरून संकेताचा नियम सिद्ध केला: एखादी खूण वारंवार एखाद्या अनुभवाआधी आली, की ती खूणच त्या अनुभवाची प्रतिक्रिया जागवू लागते. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या बालकाला खाऊ खात असता सशाचा पिंजरा थोडा थोडा जवळ आणून सशाचे भय घालवले. दुसऱ्या महायुद्धानंतर जोहान्सबर्ग येथे जोसेफ वोल्पी याने मांजरांना विजेचे धक्के देऊन पिंजऱ्याची धास्ती भरवली, इतकी की उपाशी असूनही ती तेथे अन्नाला तोंड लावीनात. मग त्यांना आधी पिंजऱ्याच्या खोलीशी फारसे साम्य नसलेल्या खोलीत, नंतर क्रमाने अधिक साम्य असलेल्या खोल्यांत आणि शेवटी त्या पिंजऱ्यातच खाऊ घातले. १९५८ सालच्या ग्रंथात त्याने ही पद्धत मनुष्याच्या उपचारासाठी मांडली. जनावरांवरील त्या क्रौर्याचे समर्थन मी करू इच्छित नाही.

आज कुत्र्यांचे शिक्षक सांगतात तो क्रम याच परंपरेतला आहे. उभ्या मोटारीजवळ जेवणाचे भांडे ठेवावे; मग उघड्या दारातून आत; मग दार लावून; मग यंत्र सुरू करून, पण चाक न हलवता; मग फाटकापर्यंत. कुत्रा धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला किंवा खाणे नाकारू लागला, की एक पायरी मागे यावे. पुष्कळ धनी येथेच घाई करतात, आणि वर्षातून दोनदा केवळ सुई टोचून घेण्यासाठीच त्याला गाडीत घालून पाव्हलोव्हचा नियम नकळत स्वतःविरुद्ध राबवतात. मळमळीवर मारोपिटंट हे औषध २००७ साली अमेरिकेत कुत्र्यांसाठी मान्य झाले, आणि ते पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे हे उचितच; पण त्याने वांती थांबते, धास्ती थांबत नाही, म्हणून औषध घेणाऱ्या कुत्र्यालाही उभ्या मोटारीजवळच्या भांड्यापासूनच आरंभ करावा लागतो.