रिकामी खाट कशाची साक्ष देते?

बेघर निवाऱ्यांवरचा खर्च वाया जातो असं म्हणणाऱ्यांकडे एक ठरलेला पुरावा असतो: निवाऱ्यात खाटा रिकाम्या आणि पुलाखाली माणसं झोपलेली. म्हणजे ‘त्यांना रस्ताच बरा वाटतो.’ हे मत महापालिकेच्या सभेपासून चहाच्या टपरीपर्यंत चालतं. निरीक्षण खोटं नाही, खाटा रिकाम्या असतातच. निष्कर्ष मात्र भिवंडीत आणून तपासला तर टिकत नाही.

इथला यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो. खोलीही पाळीनेच वापरली जाते: एक कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा आडवा होतो. सूत महागलं, माग थांबले की आधी मजुरी जाते आणि पाठोपाठ खोलीतला वाटाही. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर झोपलेले लोक मोजले गेले. ज्याचं छप्पर पुढच्या महिन्यात जाणार, तो त्या रात्रीच्या हिशेबात कसा येणार?

असा माणूस निवाऱ्याच्या दारात येतो तेव्हा काय होतं? रात्रपाळी सकाळी सुटते आणि रात्रनिवारा सकाळीच कुलूप लावतो. ज्याला दिवसा झोपायचं त्याच्यासाठी ती खाट नसल्यातच जमा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच लाख लोकसंख्येमागे एक आणि तोही चोवीस तास उघडा निवारा असावा असं बजावलं होतं. 2011 मध्ये सात लाखांच्या घरात असलेल्या भिवंडीला त्या हिशेबाने किमान सात निवारे लागतात. पण आकडा भरला तरी बाकीच्या गोष्टी उरतातच. गाठोडं ठेवायला कुलपाचा कप्पा नाही. बायको-मुलं बरोबर असतील तर पुरुषांच्या दालनात जागा नाही. आधार कार्ड मागच्या खोलीत राहिलेलं. गादीत ढेकूण. एक रात्र ढेकणांत काढलेला माणूस दुसऱ्या रात्री पुलाखाली गेला, तर ती त्याची ‘आवड’ कशी?

‘दारुड्यांना कोण आवरणार?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याला उत्तर माणसं नेमूनच द्यावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून ‘पाथवेज टू हाउसिंग’ या संस्थेने आधी घर दिलं, व्यसनमुक्तीची अट घातली नाही, पण घराबरोबर भेटायला येणारी माणसंही दिली. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही, ज्या मनोरुग्णांना रुग्णालयात राहण्याची गरज उरलेली नाही त्यांना समाजात राहता यावं म्हणून आधाराची घरं उभारण्याची किंवा त्यांना पाठबळ देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ती घरंही कुणीतरी चालवावीच लागतील.

इथे दुसरा गैरसमज आड येतो: निवारा चालवायला मन मोठं असलं की पुरे. मन मोठं असलेल्या पुष्कळ लोकांकडे चादरी महिनामहिना धुतल्या जात नाहीत. हे काम व्यवस्थापनाचं आहे. कोण आला, गाव कोणतं, कुणाला कळवायचं, क्षयाची गोळी कधी, गाद्या उन्हात कोणत्या दिवशी, रात्री दोनला भांडण झालं तर कोण उठणार. भिवंडीतली खाणावळवाली यातलं निम्मं काम रोज करते. दोन्ही पाळ्यांना गरम जेवण, पगारापर्यंत उधारी, कोण आजारी पडला याची खबर. मला तर निवाऱ्याच्या व्यवस्थापकाची मुलाखत अशाच एखाद्या बाईने घ्यावी असं वाटतं. पण महापालिका ठेका देताना तिला विचारत नाही, आणि व्यवस्थापकाच्या पगाराचा आकडा पाहिला की चांगला माणूस फार दिवस टिकत नाही.

‘आवड’ म्हणून मोकळं होण्याची ही खोड फक्त बेघरांपुरती नाही. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा जातात, लोक हलत नाहीत, आणि त्यांना हट्टी म्हटलं जातं. 21 सप्टेंबर 2020 ला पहाटे भिवंडीतल्याच पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं झोपेतच गेली. तेव्हाही, ‘लोक अशा घरात राहतात तरी कशाला,’ असंच बोललं गेलं. भाडं परवडेल अशी दुसरी खोली भिवंडीत कुठे आहे, हे विचारणारे थोडेच होते.