ऑस्करमध्ये हरणार कोण? आधी मतदारयादी बघा!

दरवर्षी ऑस्कर जवळ आले की कोण जिंकणार याची भाकिते सुरू होतात. वर्तमानपत्रे रकाने भरतात, पैजा लागतात, आपली पोरेही व्हॉट्सअॅपवर याद्या फिरवतात. आम्ही थोडा वेगळा प्रश्न विचारतो. हरणार कोण, हे आधी सांगता येते का? इतिहास बघितला तर येते. आणि ते ज्या कारणाने सांगता येते, ते कारण आंबेडकरी तरुणांनी नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

सर्वात सोपे भाकीत उत्कृष्ट दिग्दर्शकाच्या पुरस्काराचे आहे. 1992 मध्ये जॉन सिंगलटन हे या पुरस्काराचे नामांकन मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक ठरले. ते हरले. 2010 मध्ये ली डॅनियल्स हरले. 2014 मध्ये स्टीव्ह मॅक्वीन हरले. 2017 मध्ये बॅरी जेन्किन्स, 2018 मध्ये जॉर्डन पील, 2019 मध्ये स्पाईक ली हरले. 2025 पर्यंत एकाही कृष्णवर्णीय दिग्दर्शकाला हा पुरस्कार मिळालेला नाही. मॅक्वीन यांचा 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' आणि जेन्किन्स यांचा 'मूनलाइट' हे त्या त्या वर्षीचे उत्कृष्ट चित्रपट ठरले, पण ते दिग्दर्शित करणारा माणूस उत्कृष्ट ठरला नाही! ज्याने दरवेळी डोळे झाकून "हा हरणार" असे सांगितले असते, तो एकदाही चुकला नसता.

आता कोणी म्हणेल, समोरचे अधिक चांगले असतील, मेरिटवर जिंकले असतील. हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. आरक्षणाची चर्चा निघाली की तो पहिला बाहेर येतो. म्हणून हे मेरिट मोजतो कोण, तिथून सुरुवात करू.

ऑस्कर देणारी अकादमी 1927 मध्ये स्थापन झाली. एमजीएम स्टुडिओचे प्रमुख लुई बी. मेयर यांची ती कल्पना. स्टुडिओंमध्ये कामगार संघटना उभ्या राहू नयेत, वाद मालकांच्या देखरेखीखालीच मिटावेत, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. पुरस्कार नंतर आले. म्हणजे ही संस्था मुळात कलेच्या तराजूसाठी जन्मलेली नाही. तिचे सदस्य मत देतात आणि ती मते मोजली जातात. ऑस्कर ही एक निवडणूक आहे. निवडणूक म्हटली की पहिला प्रश्न उमेदवाराचा नसतो, मतदारयादीचा असतो.

ती यादी कशी होती? 2012 मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने शोध घेतला. अकादमीचे सुमारे 94 टक्के मतदार गोरे होते, 77 टक्के पुरुष होते, कृष्णवर्णीय सुमारे 2 टक्के होते. मतदारांचे मध्यक वय 62 होते. ही आकडेवारी समोर ठेवा आणि मग मेरिटची गोष्ट सांगा.

याहून मोठी गोष्ट मतदानाच्या पद्धतीत आहे. बहुतेक पुरस्कारांची नामांकने त्या त्या शाखेचे सदस्य ठरवतात. दिग्दर्शक दिग्दर्शकांना निवडतात, नट नटांना. अंतिम मतदान मात्र संपूर्ण अकादमी करते. हे वाचताना आम्हाला 1932 चा पुणे करार आठवतो. त्या करारात राखीव जागांसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांची यादी निवडायची आणि त्यातला एक संयुक्त मतदारसंघाने निवडायचा, अशी तरतूद होती. शेवटचा निर्णय बहुसंख्याकांच्या हाती राहिला. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ही पद्धत रद्द करून स्वतंत्र मतदारसंघ द्यावेत, अशी मागणी पुन्हा केली. दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. अकादमीच्या शाखांमध्ये पहिली फेरीसुद्धा कृष्णवर्णीयांच्या हाती कधीच नव्हती. पण धडा एकच आहे. तुमचे नाव यादीत येणे वेगळे आणि तुमचा निकाल तुमच्या लोकांच्या हाती असणे वेगळे.

मग कोणीच जिंकले नाही का? जिंकले. कोण जिंकले तेही बघू. 29 फेब्रुवारी 1940 रोजी हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड'साठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. आईवडील गुलामीत जन्मलेले. भूमिका मोलकरणीची. सोहळा लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात होता आणि तिथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्मात्याने शब्द टाकला म्हणून त्यांना आत घेतले, पण सहकलाकारांसोबत बसवले नाही. भिंतीकडेच्या एका वेगळ्या छोट्या टेबलावर बसवले. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. 1952 मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे हॉलिवूडच्या स्मशानभूमीत जागासुद्धा मिळाली नाही, कारण ती गोऱ्यांची होती. पुरस्कार मिळाला, पण शिवाशिव संपली नाही.

अभिनयासाठीचा पुढचा पुरस्कार कृष्णवर्णीय कलावंताला मिळायला 24 वर्षे गेली. 1964 मध्ये तो सिडनी पॉटिए यांना मिळाला, गोऱ्या नन्सना प्रार्थनागृह बांधून देणाऱ्या सज्जन कारागिराच्या भूमिकेसाठी. कृष्णवर्णीय स्त्रीला पुढचा पुरस्कार 1991 मध्ये मिळाला, म्हणजे 51 वर्षांनी. मुख्य अभिनेत्रीचे नामांकन डोरोथी डँड्रिज यांना 1955 मध्येच मिळाले होते. तो पुरस्कार एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती पडायला 2002 साल उजाडले. हॅली बेरी यांच्यानंतर 2025 पर्यंत दुसरी कोणी नाही.

यातून भाकिताचा दुसरा नियम निघतो. सेवा करणारा, समजूतदार, गोऱ्यांचे मन जिंकणारा कृष्णवर्णीय जिंकू शकतो. हक्क मागणारा बहुधा हरतो. डेन्झेल वॉशिंग्टन यांनी 1992 मध्ये माल्कम एक्स पडद्यावर उभे केले. 1993 च्या सोहळ्यात ते हरले. 2002 मध्ये मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो एका भ्रष्ट पोलिसाच्या भूमिकेसाठी. स्पाईक ली यांच्या 'डू द राइट थिंग'ला 1990 मध्ये उत्कृष्ट चित्रपटाचे साधे नामांकनही नव्हते. त्या वर्षी जिंकला 'ड्रायव्हिंग मिस डेझी', एका गोऱ्या वृद्धेची आणि तिच्या कृष्णवर्णीय ड्रायव्हरची गोष्ट. 2019 मध्ये त्यांचा 'ब्लॅकक्लॅन्समन' हरला आणि जिंकला 'ग्रीन बुक'. पुन्हा ड्रायव्हरची गोष्ट, फक्त या वेळी ड्रायव्हर गोरा होता.

नियमाला अपवाद आहेत, हे आम्ही लपवत नाही. पण अपवाद वाढले कधी? 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षे अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांना मिळाली. 2015 मध्ये एप्रिल रेन या कृष्णवर्णीय स्त्रीने समाजमाध्यमावर 'ऑस्कर्स सो व्हाइट' ही हाक दिली. पुढच्या वर्षी तिचे आंदोलन झाले आणि अकादमीला स्त्रिया व अल्पसंख्याक सदस्यांची संख्या 2020 पर्यंत दुप्पट करण्याचे जाहीर करावे लागले. 2016 मध्ये 683 नव्या सदस्यांना निमंत्रणे गेली. 2017 मध्ये 'मूनलाइट' जिंकला. 2020 मध्ये कोरियाचा 'पॅरासाइट' जिंकला, इंग्रजी नसलेल्या चित्रपटाने उत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार घेण्याची ती पहिलीच वेळ. तीन वर्षांत जगातले मेरिट अचानक बदलले होते का? बदलू लागली होती ती मतदारयादी. तरीही मध्येच 'ग्रीन बुक' जिंकतो, म्हणजे यादी थोडी बदलून भागत नाही.

आता आपल्याकडे या. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट 2015 मध्ये भारतातर्फे ऑस्करला गेला. त्यातला लोकशाहीर साकारला होता आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. नामांकन मिळाले नाही. 2022 मध्ये 'रायटिंग विथ फायर' या माहितीपटाला नामांकन मिळाले. विषय होता 'खबर लहरिया', बुंदेलखंडातल्या दलित स्त्रियांनी चालवलेले वृत्तपत्र. 27 मार्चच्या रात्री तोही हरला. जिंकला 'समर ऑफ सोल', 1969 च्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या संगीत महोत्सवावरचा, कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा माहितीपट. या हरण्याचे आम्हाला दुःख नाही. 1946 मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून बाबासाहेबांनी जे नाते जोडले, 1972 मध्ये दलित पँथरने नावापासून जे नाते सांगितले, त्या नात्यातला माणूस जिंकला.

पण दोन गोष्टी टोचतात. हा पुरस्कार जाहीर करायला क्रिस रॉक मंचावर आले होते आणि त्याच वेळी विल स्मिथ यांनी त्यांना थप्पड मारली. जगाने थप्पड पाहिली, दलित स्त्री पत्रकारांचे नाव त्यात बुडाले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. सोहळ्याच्या आधीच 'खबर लहरिया'ने जाहीर केले होते की या माहितीपटात दाखवलेले चित्र त्यांच्या कामाचे पूर्ण चित्र नाही. स्वतः वृत्तपत्र चालवणाऱ्या स्त्रियांच्या गोष्टीवर शेवटची कात्री त्यांची नव्हती.

म्हणून आम्ही म्हणतो, पुढच्या वेळी भाकिते करताना फक्त नामांकनांची यादी बघू नका. मत कोण देतो, निवड समितीत कोण बसतो, पैसा कोणाचा, संकलनाच्या टेबलावर कोण बसला आहे, हे विचारा. आपल्या पोरांनी कॅमेऱ्यापुढे यावेच, पण लेखन, संकलन, निर्मिती, परीक्षक मंडळे इथेही घुसावे. तिथे आपण नसू, तोवर आपला हरणारा कोण हे सांगायला कोणा जाणकाराची गरज नाही.

जयभीम!