गाळाने घडवलेलं अभयारण्य

गेल्या रविवारी निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो. उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे आणि तुतवार चरत होते. पण ही जागा निसर्गाने आयती दिलेली नाही. गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला, तो कालव्यांसाठी. नद्यांनी गाळ आणला, बेटं तयार झाली, साठवण घटली आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. माझ्यासारख्या इंजिनिअरला गाळ म्हणजे बिघाड. शेकाट्याला तेच जेवणाचं ताट. गाळ उपसला तर शेतीला पाणी वाढेल, पण ताट उचललं जाईल. इथला पेच हाच आहे, आणि तो शंभर वर्षांत आपणच तयार केलाय.