शोध नक्की कुणाचा?

९ जानेवारी १९७५. संध्याकाळी कॅनडात प्राणीशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट यांच्या घरचा फोन वाजला. फोन मेक्सिकोहून, केन ब्रगरचा. मोनार्क फुलपाखरांची वसाहत सापडली होती. उंच डोंगरावरच्या जंगलात, लाखोंनी!

या एका फोनसाठी फ्रेड आणि त्यांची पत्नी नोरा यांनी जवळजवळ चाळीस वर्षं घालवली होती. उन्हाळा संपला की मोनार्क दक्षिणेला निघतात हे माहीत होतं, पण जातात कुठे? जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाच्या जिवाला खूण तरी कशी करायची? आधी त्यांनी पोस्टाच्या तिकिटासारखी डिंकाची चिठ्ठी पंखाला लावून पाहिली. पावसात गळून पडली. मग दुकानात काचेच्या भांड्यांवर किमतीचं लेबल असतं ना, तसलं चिकटवलं, ते मात्र टिकलं. १९५२ पासून लोकांना मदतीला बोलावलं. शाळकरी पोरांपासून आजीआजोबांपर्यंत सगळे बागेत फुलपाखरं पकडून त्यांना नंबर लावू लागले. (इंटरनेट नसतानाची गोष्ट आहे, मंडळी!) नकाशावरच्या रेघा टेक्सासपर्यंत गेल्या नि पुढे मेक्सिकोत हरवल्या.

तेव्हा १९७२ मध्ये नोराबाईंनी मेक्सिकोतल्या वर्तमानपत्रांना लिहिलं. त्याला उत्तर दिलं केननं. गंमत म्हणजे हा माणूस रंगांध. त्याच्यासोबत होती कातालिना आग्वादो, मूळची तिथल्याच मिचोआकान राज्यातली.

शाळेच्या पुस्तकात असतं तर गोष्ट इथे संपली असती. पण त्या डोंगरांच्या कुशीत मासावा आणि ओतोमी लोकांची गावं कितीतरी आधीपासून आहेत. फुलपाखरं येतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नेमकी तिथल्या मृतात्म्यांच्या सणाला. म्हणून ती घरी परतलेले पूर्वजच, अशी तिथली श्रद्धा. आपल्याकडे पितर कावळ्याच्या रूपानं येतात, तसंच. मग 'शोध' कसला लागला?

मला वाटतं, दोघांकडे अर्धी अर्धी गोष्ट होती. पाहुणे येतात हे गावाला ठाऊक, पण कुठून ते नाही. कॅनडातल्यांना निघतात ते ठाऊक, पोचतात ते नाही. जानेवारी १९७६ मध्ये अर्कहार्ट स्वतः तिथे गेले. फुलपाखरांच्या वजनानं एक फांदी मोडून खाली आली आणि त्या ढिगात एकाच्या पंखावर पांढरं लेबल! अमेरिकेतल्या मिनेसोटात लावलेलं. दोन्ही अर्धुकं तिथे जुळली.

त्याहून नवल म्हणजे यातलं एकही फुलपाखरू आधी तिथे आलेलं नसतं. वसंतात परत निघालेली वाटेतच अंडी घालून मरतात. शरद ऋतूत येतात ती त्यांची पतवंडं-खापरपतवंडं. वाट कुणी दाखवायची?

पुढे १९८६ मध्ये सरकारनं तिथे राखीव जंगल केलं. झाडं गावांच्या सामाईक मालकीची, पण तोडायला बंदी, आणि भरपाई अपुरी. आजही फुलपाखरं कमी झाली की पहिलं बोट त्या गावांकडे जातं. तिथली चोरटी तोड खरीच आहे. पण अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या शेतांत तणनाशकं मारून मिल्कवीड संपवलं (आपल्या रुईच्याच कुळातलं, मोनार्कच्या अळ्या दुसरं काही खात नाहीत), ते कुणी मोजायचं? १९९६-९७ च्या हिवाळ्यात फुलपाखरांनी १८ हेक्टर जंगल व्यापलं होतं, २०२३-२४ मध्ये एक हेक्टरसुद्धा नाही.

असो. ऑगस्ट १९७६ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये अर्कहार्टांचा लेख आला. जागा नेमकी कुठे ते त्यांनी सांगितलं नव्हतं, तरी काही महिन्यांतच दुसऱ्या संशोधकांनी खाणाखुणांवरून ती हुडकलीच. मुखपृष्ठावर अंगभर फुलपाखरं बसलेली एक तरुणी आहे. कित्येकांना वाटलं, फोटोपुरती उभी केलेली कुणी मॉडेल असेल. ती कातालिना.