फुगडीच्या फेरातले खरे बोल

नाच, गाणी, सोंगे म्हणजे संसारापासून क्षणभर पळ काढणे, असे वडीलधारी मंडळी पुष्कळदा म्हणत. परंतु आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहिला म्हणजे हे म्हणणे अपुरे वाटते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली गिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी आपल्याकडची तरणी माणसे गलबतांतून व आगबोटींतून मुंबईस जाऊ लागली. १९११ च्या शिरगणतीत तेथील गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यातले होते; आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही तेव्हा याच जिल्ह्यात मोडे. मागे राहिल्या त्या बहुतेक बायका. भाताची लावणी, गुरेढोरे, म्हातारे सासूसासरे आणि मनीऑर्डरीची वाट पाहणे, हे त्यांचे वर्ष.

या वर्षात दोन विसावे असत. शिमग्याला चाकरमानी गावी येत आणि नमनखेळे रंगत. मृदंग घुमला की गण, गौळण, मग वग. संकासुर साऱ्यांची थट्टा करी. रात्री राजा म्हणून मिरवलेला गडी उजाडताच भाजावळीच्या कामाला लागे. राधा आणि गौळणीही पुरुषच होत. बायका ओटीवरून पाहत आणि हसत.

दुसरा विसावा गौरीगणपतीचा, आणि तो त्यांचा स्वतःचा. जागरणाच्या रात्री फुगडी, झिम्मा आणि फेराची गाणी चालत. गाण्यात सासूचा जाच येई, माहेरची वाट येई, परगावी गेलेला धनी येई. जे घरात बोलण्याची सोय नव्हती, ते फेरात सर्वांदेखत म्हणता येई, आणि खेळातले म्हणून कोणी त्याचा राग धरीत नसे. सासूही कधीकाळी त्याच फेरात फिरलेली असे.

म्हणजे या बायका दुःख विसरण्यासाठी खेळत नव्हत्या. खेळाच्या आडोशाने त्या ते दुःख बोलत होत्या. बोलून हलक्या झालेल्या मनाने दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागत.

भगिनींनो, आज मालिका आणि मोबाइल यांनी करमणूक घरोघर आणली आहे. त्यात गैर काही नाही. मात्र तेथे आपण केवळ पाहतो. आपले असे काही बोलत नाही, आणि शेजारीण काय सोसते हेही कळत नाही. यंदाच्या गौरीला मंडळाच्या अंगणात एक रात्र फेर धरू या. वयस्क भगिनींना गाणी आठवतात, तोवर ती आपण शिकून घेऊ. आणि जिला काही सांगायचे असेल, तिने ते गाण्यातून खुशाल सांगावे.