कडुनिंबाचे तेल : नवे की उघड?

पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून शंभर लिटर पाण्यात मिसळायची आणि पिकावर फवारायची. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही कृती नवी नाही. त्यामुळे युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिले, तेव्हा आपल्याकडे संताप उसळणे साहजिक होते. हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होते, असे आपण म्हणालो.

पण एवढे म्हणणे पुरेसे होते का? पेटंट मिळण्यासाठी शोध नवा व उपयुक्त तर हवाच. शिवाय त्या विषयातील सामान्य जाणकाराला आधीच्या माहितीवरून तो सहज सुचणारा नसावा. आता दावा नीट वाचू. त्यात पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकाने काढलेले तेल आहे. ॲझाडिरॅक्टिन त्यात जवळजवळ नाही. तेल ०.१ ते १० टक्के, सोबत पाणी व पायसकारक. आपला निंबोळी अर्क मात्र पाण्यात काढलेला असतो, त्यात ॲझाडिरॅक्टिन उतरते आणि तो मुख्यतः किडींसाठी वापरतात. म्हणजे आजीचा अर्क आणि दाव्यातील तेल एक नव्हे. पुरावा अधिक जवळचा हवा होता.

तो महाराष्ट्रातच मिळाला. वंदना शिवा, सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ व युरोपीय संसदेतील हरित गट यांनी १९९५ मध्ये पेटंटला हरकत घेतली होती. म्युनिक येथील सुनावणीत एका भारतीय कारखानदाराने साक्ष दिली, की १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर अशाच तेलाच्या चाचण्या झाल्या होत्या. पेटंटसाठीचा पहिला अर्ज डिसेंबर १९८९ चा. चाचण्या शेतकऱ्यांसमक्ष झाल्या असल्याने त्या गुप्त नव्हत्या. एवढे हाती असताना पायसकारकाचे प्रमाण थोडेफार बदलणे कोणाही जाणकाराला सुचले असते. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. त्यावरील अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

उत्तर कळल्यावर प्रत्येक गणित सोपे वाटते. म्हणून ‘उघड’ हा निर्णय अर्जाच्या दिवशी उभे राहून करावा लागतो. वर्गात फळ्यावर दोन रकाने आखून एकात दावा, दुसऱ्यात आधीचे ज्ञान लिहावे आणि उरलेला फरक मुलांनाच तोलू द्यावा. कोणती नोंद कोणत्या तारखेची, हा प्रश्न मग ती आपणहून विचारू लागतील.