चौपाटीवरची निळी पिशवी : मुलांना घेऊन जाण्याआधी ‘ब्लू बॉटल’ची मालूमात

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. म्हणून आपल्याकडचे कुटुंब मुंबईला पाहुण्यांकडे गेले की हाजी अली, माहीमचा दर्गा आणि मग मुलांच्या हट्टापायी जुहू चौपाटी, हा बेत ठरलेलाच. बेत पावसाळ्यातला असेल तर वाळूवर पडलेल्या निळ्या, फुगलेल्या पिशव्यांबद्दल आधी वाचून ठेवा. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी विंचू पाहिलाय, हा प्राणी मात्र फक्त मोबाईलवर.

ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूसह मुंबईच्या किनाऱ्यांवर सुमारे दीडशे लोकांना याचा दंश झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात दोनच दिवसांत नव्वदहून जास्त पर्यटकांना जेलीफिशचा डंख बसला आणि जीवरक्षकांना प्रथमोपचार करावे लागले.

मुंबईत पावसाळ्यात दिसते ती ‘ब्लू बॉटल’ खरे तर जेलीफिश नाहीच. एका शरीरासारखी दिसणारी ती अनेक छोट्या जीवांची वसाहत आहे. कोणी शिकार पकडतो, कोणी पचवतो, कोणी प्रजननाचे काम करतो. वरची पिशवी हवेने भरलेली असते. तिला पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे जायचे. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहू लागले की खोल समुद्रातले हे थवे आपल्या किनाऱ्याकडे ढकलले जातात. खाली लोंबणारे तंतू लांबलचक असतात, मोठ्या जातीत तीस मीटरपर्यंत. म्हणजे पिशवी दूर तरंगताना दिसली तरी तंतू पायाजवळ असू शकतात.

त्या तंतूंवर विषारी पेशी असतात, आणि प्राणी मेला तरी त्या पेशी काम करतात. मुले फसतात ती इथेच. वाळूवर पडलेला ‘मेलेला फुगा’ उचलायचा, पायाने फोडायचा, बाटलीत भरायचा! बच्चेकंपनीला हे एकच वाक्य पाठ करून घ्या: निळे दिसले की हात नाही लावायचा. पायात चप्पल असू द्या. अंगभर कपड्यांनी थोडा बचाव होतो, पण ओल्या ओढणीत किंवा बुरख्याच्या घेरात तंतू अडकू शकतो, तेव्हा कपडे झटकताना, पिळताना जपून.

डंख बसला की चाबूक मारल्यासारखी लाल रेघ उठते आणि भयंकर आग होते. आपल्याकडे विंचू चावला की चुना लाव, कांदा चोळ असे चालते. इथे चोळायचे अजिबात नाही. चोळल्याने उरलेल्या पेशीही फुटतात. लघवी लावण्याचा सल्ला तर कोणी दिला तरी ऐकू नका. चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटे ठेवा. पाणी आधी मोठ्या माणसाने हात घालून पाहावे, मुलाची कातडी भाजू नये. ऑस्ट्रेलियात ९६ जणांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ अंशांच्या गरम पाण्याने वीस मिनिटांत ८७ टक्के लोकांना आराम पडला. बर्फाने फक्त ३३ टक्क्यांना. सिरका काही दुसऱ्या जातींसाठी वापरतात, पण ब्लू बॉटलवर तो ओतू नये असे तिथली प्रथमोपचाराची नियमावली सांगते. चौपाटीवर गरम पाणी कुठून आणायचे? चहाच्या टपरीवर मागा, कोणी नाही म्हणत नाही.

बहुतेकांचे दुखणे काही तासांत उतरते. श्वास लागणे, उलट्या, चक्कर, छातीत दुखणे, चेहऱ्यावर सूज, किंवा डंख डोळ्याजवळ असेल तर मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. लहान मूल आणि दम्याचा रुग्ण असेल तर लगेच दवाखाना गाठलेला बरा.

नमाजबाबत विचारणारे असतात म्हणून तेही सांगतो: त्या जागी पाणी लागल्याने त्रास वाढणार असेल तर वुजू करताना तेवढ्या भागावर मसह करण्याची सवलत आहे, तपशील आपल्या मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांकडून समजून घ्यावा.